प्रत्येक कॅसेटचं एकच गाणं

आमच्या खानदानात गाण्यातलं कळणारा माणूस म्हणजे मी, असं सगळे धरून चालतात. पुरावा काय, तर नांदेडच्या माझ्या घरी दिवाणाखाली बुटाच्या खोक्यात नऊ कॅसेटी आहेत आणि त्या वाजवणारा टेपरेकॉर्डर अजून चालू आहे. मला गाता येत नाही. ताल धरायला गेलो तर शेजारचा माणूस चुकतो. पण लग्नात बँडवाल्याशी बोलायला मलाच पुढे ढकलतात, आणि मीही कपाळाला आठ्या घालून त्याला चार गोष्टी सुनावतो.

म्हणून लातूरहून आक्काचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. आक्का माझी थोरली बहीण. मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाली आणि दोन महिन्यांत तिचा उजवा कान गेला. आता डावाही जायच्या वाटेवर आहे. डॉक्टरने कानात मशीन बसवून दिलं आणि सांगितलं की बोलणं याच्यावर समजत राहील, पण गाणं हळूहळू नुसता आवाज होऊन जाईल. दिवाळीपर्यंत बहुधा एक गाणं दुसऱ्यापासून वेगळं कळणार नाही.

आक्काने रडारड केली नाही. ती फोनवर एवढंच म्हणाली की त्या नऊ कॅसेटींतलं एकेक गाणं तिला ऐकायचंय. एका कॅसेटचं एकच, कारण मशीन लावून जास्त ऐकलं की तिचं डोकं ठणकतं.

"तूच निवड," ती म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."

एवढं कोणी म्हटल्यावर माणूस जमिनीवर राहत नाही. मी नवी वही काढली. तीन दिवस संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून निवड केली. गझलेची कॅसेट, भावगीतांची कॅसेट, कव्वालीची, धर्माबादच्या मामाने दिलेली तेलुगू सिनेमाची, आणि भजनाच्या कव्हरात लपवलेली लावण्यांची. बायकोला कोथिंबीर निवडायला टेबल पाहिजे होतं, तर मी तिला म्हटलं, इथेही निवडणंच चाललंय. ती काही हसली नाही. तिने वहीत डोकावून पाहिलं, मग कॅसेटींची कव्हरं उलटून पाहिली.

"अहो, ही सगळी पहिलीच गाणी आहेत."

मी तिला समजावून सांगितलं की कंपनीवाले सगळ्यात चांगलं गाणं पहिलंच ठेवतात. आंबेवाला पेटीत वरचा थर चांगला लावतो तसं. त्यावर ती म्हणाली, म्हणूनच तुम्ही दरवर्षी आंबे आणता तसे आणता. आणि कोथिंबीर घेऊन ओट्यावर गेली.

लेकीने ती नऊही गाणी पाच मिनिटांत शोधून माझ्या मोबाइलमध्ये भरून दिली. मी रविवारी एसटीने लातूरला निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा चहा पीत मी मनातल्या मनात तालीम केली, कुठल्या गाण्याच्या आधी आक्काला काय सांगायचं. नुसती गाणी ऐकवायला जायचं म्हणजे पोस्टमनचं काम. जाणकाराने दोन शब्द बोलले पाहिजेत.

आक्काने चहापाणी उरकलं, पंखा बंद केला. मशीनमध्ये पंख्याची घरघर फार येते म्हणे. दाजींना तिने बाहेर बसवलं. मी पहिलं गाणं लावलं आणि आवाजाच्या पोताबद्दल बोलू लागलो, तर तिने हातानेच गप्प केलं. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला ती खिडकीतून दाजी काय करायलेत ते बघू लागली. चौथ्याला तिने मोबाइल स्वतःच बंद केला.

"अरे, ही तर तू खेळायला जायच्या आधीची गाणी हायेत."

मला काही उमगलं नाही. मग तिने सांगितलं ते असं, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही.

त्या कॅसेटी मुळात माझ्या नव्हत्याच. आक्का लातूरला डी.एड.ला होती, तेव्हा दर सुट्टीला येताना एक कॅसेट घेऊन यायची; मामानेही ती तेलुगू तिलाच दिली होती. पिशवीतून काढून माझ्या हातात द्यायची, कारण टेपरेकॉर्डरला हात लावायचा मान घरात मुलाचा. वडिलांचा दंडक असा होता की फॉरवर्डचं बटण दाबायचं नाही, सेल उतरतात. कॅसेट मागे न्यायची तर पेन्सिल घालून फिरवायची. मी पेन्सिलने कॅसेट मागे घ्यायचो, ए साइड लावायचो, पहिलं गाणं मान डोलवत ऐकायचो. तोवर बाहेरून मित्रांची शिट्टी यायची आणि मी बॅट घेऊन पळायचो. कॅसेट इकडे चालूच. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आक्का भाकऱ्या थापायची. ए साइड संपली की पिठाच्या हाताने येऊन कोपराने बटण दाबायची, दोन बोटांनी कॅसेट उलटायची आणि परत जायची. पुढे ती लग्न होऊन गेली तेव्हा, तुझ्या सासरी कुठाय टेपरेकॉर्डर, असं म्हणून मी खोकं ठेवून घेतलं. त्या खोक्यावर माझी जाणकारी उभी आहे.

"लिही," आक्का म्हणाली.

मी वहीत माझी यादी होती तिच्या समोरच्या पानावर लिहिलं. गझलेच्या कॅसेटचं ए साइडचं शेवटचं. कव्वालीचं बी साइडचं दुसरं. लावण्यांचं पाचवं, "त्यात मध्येच ढोलकी थांबती बघ, ते." तेलुगूचे शब्द तिला ठाऊक नव्हते, तर तिने चाल गुणगुणून दाखवली; सूर कुठे लागतोय हे तिला स्वतःला नीट कळत नव्हतं, तरी लेकीने फोनवर ऐकून गाणं ओळखलं. एकेक गाणं मिळत गेलं, आक्का एकेक ऐकत गेली. मध्ये मशीन काढून कान चोळायची, परत घालायची. ढोलकी थांबली तिथे तिने माझ्या मनगटावर टिचकी मारली. चाळीस वर्षं माझ्या दिवाणाखाली असलेली ती गाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.

आठ गाणी झाली. नववं भावगीतांच्या कॅसेटमधलं, बी साइडचं तिसरं. ते लेकीला काही केल्या सापडेना. कुठल्या तरी छोट्या कंपनीची कॅसेट, गाणारी बाई पुढे कधी कुणाला माहीत झाली नाही. आक्का म्हणाली, नाही सापडत तर जाऊ दे, कॅसेट तर घरीच हाय की. पुढच्या रविवारी टेपच घेऊन ये.

मी लगेच म्हणालो की त्या कॅसेटची पट्टी खराब झालीय, टेपरेकॉर्डरमध्ये अडकून तुटली. आक्का माझ्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर गृहपाठ न केलेली पोरं पाहिली आहेत.

"भाषण केलंस तू त्याच्यावर," ती म्हणाली.

खरं होतं. दहावीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत उतरलो होतो. सराव टेप करून ऐकायचा होता. कोरी कॅसेट नव्हती, पण बी साइड मी कधी ऐकतच नसल्याने माझ्या लेखी ती कोरीच. गाण्यांवर चुकून काही टेप होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवर भोक असतं, त्यात कागदाचा बोळा कोंबला आणि बी साइडच्या सुरुवातीपासून भाषण ठोकलं. विषय होता, स्त्रीशिक्षण ही काळाची गरज. भाषण आक्कानेच लिहून दिलं होतं. मी त्यात एवढ्यांदा अडखळलो, एवढ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं, की दोन गाणी पूर्ण गेली आणि तिसरं जवळजवळ गेलं.

"शेवटचं कडवं राहिलंय," आक्का म्हणाली. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरी आली होती तेव्हा तिने कॅसेट लावून पाहिली होती.

मी विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली की तुझा दुसरा नंबर आला होता, घरात पेढे वाटले होते, त्यात मी कुठं गाण्याचं काढू.

पुढच्या रविवारी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन मी पुन्हा एसटीत. कडवं जिथे सुरू होतं तिथपर्यंत कॅसेट घरूनच फिरवून आणायची असं ठरवलं होतं, पण पट्टी इतकी जुनी की बटणाने काय, पेन्सिलनेही ओढायची मला भीती वाटली. तुटली तर तेवढंही गेलं. म्हणजे सुरुवातीपासून लावूनच तिथे पोचायचं.

आक्काने पंखा बंद केला. मी बटण दाबलं. फुटक्या आवाजात एक पोरगा सन्माननीय व्यासपीठाला नमस्कार करू लागला. आक्काने दोन वाक्यं ऐकली आणि मशीन कानातून काढून ओंजळीत धरलं.

"मला पाठ हाय ते. संपलं की सांग."

ती भिंतीला टेकून बसली. मग मी एकटाच ऐकत बसलो. मुलगी शिकली तर घर शिकतं, असं तो पोरगा ठणकावून सांगत होता, आणि पुन्हा विसरून, पुन्हा सन्माननीय व्यासपीठापासून सुरू करत होता. खोकलत होता. आतल्या खोलीकडे वळून पाणी मागत होता. आणि भांड्याचा आवाज येऊन कोणीतरी पाणी आणून देतही होतं. पाऊण तास असावा असं वाटलं. घड्याळात बारा मिनिटं झाली होती.

पट्टीवरच खट्‌ आवाज झाला, त्या पोराने रेकॉर्डिंग बंद केलं होतं. मी घाईने बटण दाबून कॅसेट थांबवली आणि आक्काच्या गुडघ्याला हात लावला. तिने मशीन कानात घातलं, ते शिट्टी मारेनासं होईपर्यंत बोटाने नीट बसवलं, आणि मान हलवली. मी पुन्हा सुरू केलं.