दात शिजवायचं दुकान

परवा नातीनं रंगाच्या नळ्या पुढ्यात मांडल्या आणि विचारलं, "आजोबा, ॲक्रिलिक म्हणजे काय हो?" तिची आई म्हणाली, "माझा स्वेटर ॲक्रिलिकचा आहे." बाप म्हणाला, "दुकानाची पाटी ॲक्रिलिकची." मी म्हणालो, "आमच्या वेळी ते तोंडात असायचं!" मग मला थांबवणं कुणाला जमेना. दातांच्या दुकानातले किस्से असेच असतात. एक काढायला जावं, तर शेजारचाही हलायला लागतो!

निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. तुळजापुरात वसंतराव डॉक्टरांचं कवळ्या करायचं दुकान होतं आणि मी त्यांचा कंपाउंडर. आधी कवळ्या लालसर रबराच्या व्हायच्या. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास सोलापूरहून नवा माल यायला लागला. गुलाबी पावडर आणि उग्र वासाचं पाणी. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं, ॲक्रिलिक. पावडर त्या पाण्यात कालवायची, कणकेसारखी झाली की साच्यात दाबायची आणि साचा उकळत्या पाण्यात ठेवायचा. झाल्या हिरड्या तयार!

*

शेजारच्या काकूंना तो वास सोसवत नसे. रोज खिडकीतून विचारायच्या, "काय शिजायलंय वो?"

"दात, काकू!"

घटकाभरानं पुन्हा डोकं बाहेर. "शिजले का?"

"अजून कच्चे हायती!"

एकदा मात्र खिडकीतून वाटीच पुढं आली. "आमच्या ह्यांच्यासाठी दोन काढून ठिवा. पण मऊ नकोत!"

*

नळदुर्गचे शिवाप्पा अण्णा किराणा मालाचे व्यापारी. त्यांचा पहिला प्रश्न, "ह्यात जनावराचं काय न्हाय ना? गळ्यात लिंग हाय माझ्या, खोटं बोलू नका."

डॉक्टर म्हणाले, "अण्णा, कारखान्यात केलेलं रसायन आहे. ना हाड, ना चरबी." अण्णांचं समाधान झालं आणि कवळी घेऊन ते गेले.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो, तर अण्णा बोळक्या तोंडानं दूध-भाकरी कालवत बसलेले. मी घाबरलोच. "अण्णा, कवळी कुठंय? मोडली का?"

"छे! बाजाराच्या दिवशी घालतो की."

"आणि जेवताना?"

"जेवताना कशाला? घरात समदी ओळखीचीच हायती!"

*

डॉक्टरांना नव्या मालाचं भारी कौतुक. गिऱ्हाईक बसलं की सुरू व्हायचे, "विमानाच्या खिडक्या ह्याच मालाच्या! घड्याळाची काचसुद्धा ह्याचीच!" तामलवाडीचे एक पाटील हे सगळं मन लावून ऐकून गेले.

पंधरा दिवसांनी पाटील परत आले. रुमालात कवळीचे दोन तुकडे.

"पाटील, हे कसं झालं?"

"माडीवरनं सोडून बगितली."

"अहो, पण का?"

"इमान लई वरनं जातंय. म्हटलं, आपली माडी काय चीज हाय!"

*

सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे. मधे तामलवाडीला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पलीकडून आलेली प्रत्येक वस्तू तिथं दाखवायची आणि रजिस्टरात तिचं नाव लिहून घ्यायचं. नाक्याच्या जमादारांच्या मिशा भरघोस, पण तोंडात दात औषधालाही नव्हता!

पहिल्यांदा त्यांनी डबा हलवून विचारलं, "ॲक्रिलिक मतलब?" डॉक्टर म्हणाले, दवा. दुसऱ्या खेपेला दवेची फार चौकशी चालली होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, काच. तिसऱ्या खेपेला रबर.

जमादार चिडले. "डागदरसाब, डब्बा वोइच, माल हर बार अलग! अगली बार बकरी बोलेंगे क्या?"

तेव्हापासून आमच्यावर त्यांची खास नजर.

*

आणि त्यातच नरसूमामांची कवळी अडकली.

नरसूमामा देवळातले सनईवाले. दात गेल्यापासून ओठ आत गेले, फुंक सुटायची, सूर फाटायचा. नवरात्र पाच दिवसांवर आलेलं. घटस्थापनेला सनई नीट वाजली नाही, तर दुसरा माणूस बसवू, असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं. त्यांची वरची-खालची कवळी आम्ही केली, ती घालून ते सुरेख वाजवायलाही लागले. फक्त एक कड टोचत होती. ती मशीनवर घासून आणायला मी सोलापूरला गेलो आणि येताना नाक्यावर, मालाचं नाव एक ठरत नाही म्हणून, जमादारांनी कवळी जप्त केली. मला फार वाईट वाटलं. मामा तर रडायचेच बाकी होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर, मामा आणि मी नाक्यावर गेलो. जमादार दारातच उभे. आम्हाला बघून हसले, तर तोंडभर दात!

मामा ओरडले, "माजे दात!"

"कायके तुमारे? बाप-दादा के हैं!"

आरडाओरडा ऐकून नाक्याचे साहेब बाहेर आले. हातात पेरू. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि पेरू जमादारांपुढं धरला. "काटो."

जमादारांनी कचकन चावा घेतला. पेरू बाजूला झाला आणि वरची कवळी पेरूतच राहिली! खालची त्यांनी स्वतःच काढून दिली.

मामांनी दोन्ही कवळ्या तीनतीनदा धुतल्या, तोंडात बसवल्या, आणि त्याच पेरूचा दुसऱ्या बाजूनं लचका तोडून चावून खाल्ला.

साहेबांनी रजिस्टर उघडून जमादारांपुढं सरकवलं आणि डॉक्टरांना विचारलं, "माल इनका है, मान लिया. मगर लिखें क्या? दवा, काच या रबर?"

डॉक्टर घसा खाकरतात तोवर मामांनी पिशवीतून सनई काढली आणि वाजवायला सुरुवात केली. अडवलेल्या गाड्यांवरचे गाडीवान खाली उतरले. सूर कुठंही फाटला नाही. साहेब शेवटपर्यंत उभे होते.

मग ते जमादारांना म्हणाले, "लिखो. सनई का पुर्जा, एक नग."