फक्त अर्धा तास

पाचोऱ्याकडे ठिबक सिंचन नवं होतं, तेव्हा मी सासऱ्यांकडे अर्धा एकर मागितला. आम्ही सहा बायका आणि बारावीला आपटलेली तीन पोरं मिळून भरताची वांगी लावणार होतो. सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "एक हंगाम देस. नही जमनं ते मी कपाशी लावसू." लग्नानंतर आपली म्हणावी अशी एवढीच जागा मला मिळाली होती. ती जाऊ द्यायची नव्हती.

पोरांनी जळगावहून नळ्या आणून अंथरल्या. थेंब पडू लागले. जाऊ वाकून बघत म्हणाली, "इतलाच पानीवर झाड जगी का?" मी तिला झापलं. पाटाचं पाणी कुणी सोडायचं नाही, अशी सगळ्यांना शपथ घ्यायला लावली.

महिन्याभरात वांगी पिवळी पडली आणि वावरात चिखल झाला. नळी फुटली असणार, म्हणून मी पोरांवर खेकसले. त्यातच आबांची एक वहाण हरवली. चार दिवस ते कुत्र्याला शिव्या देत, एका पायात नवी आणि एका पायात जुनी वहाण घालून हिंडत होते. तसेच फताडफताड वावरात आले.

"नांगर फिरावसू आते," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. रडता रडता कबूल करून टाकलं की थेंब थेंब पिणारी रोपं मला बघवत नव्हती. रोज सकाळी कुणी नसताना मी मोटार लावून पाट सोडत होते, फक्त अर्धा तास. जाऊ म्हणाली, "मी दुपारले सोडस. अर्धाच तास." मग एकेक करत सगळेच बोलले. ठिबकचे जाणकार असलेली ती तीन पोरंसुद्धा.

"बठ्ठा येडा शेतस," आबांनी आम्हा सगळ्यांनाच वेड्यात काढलं.

तेवढ्यात एका पोरानं पाचव्या ओळीत, पाटाच्या तोंडाशी हात घालून चिखलातून काहीतरी उपसलं. आबांची वहाण होती. आम्ही बायकांनी तोंडाला पदर लावले.

आबांनी वहाण त्याच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "पुढला हंगाम बी तुमनाच."

नळ्या तपासायला ठिबक चालूच होतं. त्याच्या थेंबाखाली धरून त्यांनी वहाण धुतली. चांगला अर्धा तास लागला. पाटाचं पाणी सोडायला आमच्यातलं कुणीच उठलं नाही.