कडी लावून घेतलेली मुलाखत

आमच्या संशोधनाचा विषय ऐकायला भारदस्त: महाराष्ट्रातून भोपाळला आलेल्या कुटुंबांत मुलं किती होतात, आणि का. प्रत्यक्षात काम एकच. परक्या बाईला विचारायचं, "दुसरं मूल का नाही?" त्यातही नियम असा की बाई एकटी हवी आणि दार बंद हवं.

हा नियम करणारा शहाणा मराठी घरात कधी राहिला नसावा. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार लावतं कोण?

अयोध्या नगरातल्या एका घरी सासू मुळी जागची हलेचना. बाई मोठी गोड. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी नाशिकहून इथं आलेली. हयात इथं गेली, तरी 'आपल्याकडे' म्हणजे नाशिकच. "इथं आपण मूठभर," मला म्हणाली. "आपली माणसं वाढायला नकोत का? आणि हिचं बघा, एका मुलीवरच अडलंय." शेवटी मीच हसत म्हटलं, "काकू, जरा वेळ हं," आणि सुनेच्या खोलीची कडी लावून घेतली.

सून उज्जैनची. कडी लागताच घडाघडा बोलायला लागली. मुलीच्या वेळी रक्त थांबेना, कशीबशी वाचली. "परत दिवस गेले तर जिवावर बेतेल, डॉक्टरनं साफ सांगितलं. म्हणून साकेत नगरच्या दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली. ह्यांना माहीत आहे, पण आईंसमोर ह्यांचं तोंड उघडत नाही. ताई, कुणाला कळणार नाही ना?"

"छे गं! नावसुद्धा लिहीत नाही आम्ही." आणि खरंच लिहिलं नव्हतं.

बाहेर आले तर सासू दाराशीच खुर्ची ओढून तांदूळ निवडत बसलेली. "झालं बोलून?" एवढंच म्हणाली. चहा पुन्हा गरम करून दिला.

चैत्रात तिच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गौरीपुढं आरास, कैरीची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. हात धुवायला आत गेले तर सुनेच्या दाराला कडीच नव्हती. स्क्रूची भोकं तेवढी उरली होती.

सासूनं भिजवलेल्या हरभऱ्यांनी माझी ओटी भरली. भरता भरता हळूच म्हणाली, "दार लावून बोलण्यासारखं असतं तरी काय बाई? रोज विचारत राहिले तिला. सांगितलंन शेवटी. उद्या नेतेय साकेत नगरला, काढून टाकायला."

"काकू, अहो, मरेल ती!"

"आम्ही नाही का झालो बाळंत?" ती हसली. "तुम्ही मोजा. वाढवायचं आमचं आम्ही बघू."

असा संताप आला मला! पण बायकांच्या गलक्यात कुणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात सून कुंकवाची कोयरी घेऊन पुढं आली. "उद्या नाही म्हण," मी पुटपुटले. "डॉक्टरांना सांग, मला काढायची नाही. मी येते तुझ्याबरोबर."

तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बोट गार पडलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी दार लावायला नको होतं."