चाळणीबाईचा धीर

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणतात. हे नाव तिनंच ओढवून घेतलंय. कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं, की ही निळी पूड पुढे धरून सुरू: "तांबं आणि सेंद्रिय काड्यांचा सांगाडा आहे हा. आत नुसती भोकं, चाळणीच जणू! त्यात टोल्युईन नावाचं द्रावक शिरतं, हवेतला प्राणवायू त्याला जोडला जातो आणि बदामाच्या वासाचं रसायन तयार होतं. पूड परत वापरायला मोकळी!" मी शेजारी मोजणीच्या यंत्रावर बसते. मला हे तोंडपाठ झालंय.

जुन्या पद्धतीत हे काम विषारी क्रोमियम करायचं. त्यानं तिची बोटं इतकी फुटली, की लेकीची वेणी नवऱ्याला घालावी लागे. पूड हाती घेतल्यापासून आता कुठे बोटं भरून आली होती. तेवढ्यात मोठ्या सरांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत पूड चालली नाही, तर सोमवारपासून परत क्रोमियम." तिचा चेहराच उतरला.

पूड चालत नव्हती, आणि त्याला कारण ही बयाच होती. भोकांतलं पाणी निघून जावं म्हणून पूड निर्वात भट्टीत तापवतात. मग ती गडद जांभळट होते. पण हिला धीर कुठला? काचेतून नीट दिसत नाही म्हणे! उठसूट दार उघडायची, दमट हवा आत शिरायची आणि पूड पुन्हा फिकट.

"अगं, सारखं झाकण काढलं तर शिजेल का काही? घरी कळतं ना?"

"घरीही काढतेच मी," ती म्हणाली.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. तिला स्टुलावर बसवलं आणि दरडावलं, "हात मांडीखाली!" ती कुरकुरली, पाय हलवत राहिली, मनात मला शिव्याही दिल्या असतील. पण दार बंद राहिलं.

दुपारी पूड गडद झाली. मग ती टोल्युईनच्या बंद भांड्यात घालून तापवली. संध्याकाळी प्रयोगाचा नमुना काढला, तर बदामाचा घमघमाट! माझ्या यंत्रानंही आलेखावर त्या रसायनाचं उंच शिखर काढून दाखवलं. मला तर नाचावंसं वाटलं. मोठे सर धावत आले आणि पूड बघायला भांड्याच्या झाकणालाच हात घातला.

"खबरदार!" चाळणीबाई आडवी आली. "आधी थंड होऊ द्या."

सर मागे सरकले. तिनं नवऱ्याला फोन लावला. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत.

"ऐक, सोमवारीही लेकीची वेणी मीच घालणार."