गळ्याचं माप

"मेल्यावर टाके दुखतात का गं?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज सानिया आणि गौतमीने काल मधल्या सुट्टीत लावली. वृषाली आत्या स्वप्नात येते म्हणतेस ना, मग विचार तिला, हिंमत असेल तर. हिंमत दूर्वाकडे हल्ली पोत्याने आहे. शुक्रवारी हृदयाची झडप बदलायची आहे आणि वर्गात सर्वांत जास्त विनोद त्यावर तीच करते.

दुपारचे अडीच वाजलेत. सकाळी स्कॅन करून आल्यावर आईने वरणभात खायला घालून तिला दिवाणावर आडवं केलंय. आत बाबा डॉक्टरांशी फोनवर बोलतायत. "हो, तुमचं बरोबर आहे, पण बाजूनेच करा. मुलीची जात आहे." बाबांचा आवाज पातळ होत जातो, डोक्यावरचा पंखा गरगरत राहतो, आणि बघता बघता तो शिलाई मशीनचं चाक होतो.

मशीनवर वृषाली आत्या बसलीय. बाबांची धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी याच झडपेच्या ऑपरेशनमध्ये गेली, तेव्हा चोवीसची होती, आजही चोवीसचीच. तोंडात टाचण्या.

दूर्वा थेट पैजेचा प्रश्न टाकते.

"नीट टाके घालायला सवड कुणाला होती," आत्या टाचण्यांमधून म्हणते. "उशीचा अभ्रा शिवावा तसं बंद केलं मला. बस इथे, दाखवते."

टेबलावर खाकी कागदाची छाती पसरलीय. आत्या निळ्या खडूने खुणा करते. "एक रस्ता मांडीच्या नसेतून. बारीक नळीतून घडी घातलेली झडप वर न्यायची. तो बहुतेक म्हाताऱ्यांसाठी. आपल्या वयाला डॉक्टर नको म्हणतात. दुसरा इथून, छातीचं हाड वरून अर्धंच उघडायचं. झडप समोरच सापडते. तिसरा उजवीकडून, दोन बरगड्यांच्या फटीतून. हाड शाबूत राहतं, डाग ब्लाउजमध्ये जातो."

"मग तो वाईट का?"

"वाईट कुठे? कित्येक जणी त्याने लवकर घरी गेल्या. पण माझी महाधमनी डावीकडे कललेली. तिथवर हात पोहोचेपर्यंत फार वेळ गेला, आणि तेवढा वेळ हृदय थांबवून ठेवलेलं. ते पुन्हा धड चाललंच नाही."

"डॉक्टर बोलले नाहीत आधी?"

"पहिले बोलले, वरून करू म्हणाले. दादाने दुसरे शोधले. मला बघायला पाहुणे येणार होते ना. दादाने शिंप्याकडून माझ्या ब्लाउजच्या गळ्याचं माप आणलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं. म्हणाला, याच्या आत बसवा."

टेबल लांबत जातं. आता ते मंगल कार्यालयातल्या पंगतीचं टेबल आहे. पानं वाढलेली, माणूस एकही नाही. आत्या शेजारच्या पानावर गरम पुरी ठेवते.

"हे तुझं. तुझी धमनीही डावीकडेच आहे, दूर्वा. सकाळी डॉक्टर म्हणाले ते ऐकलंस ना? करू दे दादाला बाजूने. तू इकडे ये. दोघींचे फोटो एका भिंतीवर लागले की कळेल त्याला."

दूर्वाच्या तोंडाला पाणी सुटतं. पुरीमुळे नाही. बाबा आत्याच्या फोटोला रोज हार घालतात, काच पुसतात आणि नशीब म्हणून अंघोळीला जातात. ते बघून सात वर्षं तिच्या अंगाची लाही होतेय. तिचा हात पानाकडे जातो.

मग ती पान मागे सरकवते.

"नको. मी मेले तर बाबा पुन्हा नशीबच म्हणतील. काच पुसायला त्यांना आवडतं गं. आणखी एक पुसतील."

"म्हणजे सोडून द्यायचं त्याला?"

"सोडतेय कशाला? मला जिवंत राहून छळायचंय. वरून करायचं, समोर डाग दिसेल असं, आणि झाकायचा नाही. रोज सकाळी चहाला त्यांच्या समोरच बसायचं."

आत्या इतकी हसते की टाचण्या पानात सांडतात.

"माझ्यापेक्षा दुष्ट निघालीस तू."

"भाची कुणाची?"

आत्या खडू उचलते आणि दूर्वाच्या गळ्याच्या खळग्याखालून सरळ चार बोटं रेघ ओढते. खडू गार लागतो. "एवढंच. याहून मोठं नको."

डोळे उघडतात तेव्हा पंखा पंखाच आहे. दूर्वा उठून बसते. पांढऱ्या कुर्त्यावर, पहिल्या गुंडीपासून खाली, चार बोटांची निळी रेघ. बोट फिरवलं की भुकटी लागते. या घरात कुणी शिवणकाम करत नाही. ती रेघ झटकत नाही, तशीच स्वयंपाकघरात जाते.

"बाबा, शुक्रवारी वरून करायचं. डॉक्टर म्हणतात तसं. मी त्यांना आत्ता फोन लावतेय, आणि तुम्ही मधे बोलायचं नाही."

आईचा चहा ढवळणारा हात थांबतो. बाबा रेघेकडे बघतायत. "अगं, आयुष्यभर दिसेल ते."

"दिसू दे. मला बघायला पाहुणे येतील तेव्हाही दिसेल. आणि त्यांनी विचारलं की हा डाग इथे का, तर उत्तर मी नाही देणार, बाबा, तुम्ही द्यायचं. वृषाली आत्याचं नाव घेऊन."