घरचा ब्लॉग, मान्यतेसाठी सादर

वैजयंती हुपरीकरांनी ब्लॉग सुरू केला तो २०१० साली, मयूर विहारच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मुलगी शाळेत आणि नवरा ऑफिसात असताना. नाव ठेवलं 'आमच्याकडे'. वाचक दोन. एक पुण्याची बहीण आणि दुसरी मुलगी मैत्रेयी, तीही फोटोत आपण आहोत का एवढंच बघायला. अकरा लेख झाले. अकरावा पाहुण्यांवर होता. दिल्लीतल्या मराठी माणसाचं घर म्हणजे आग्रा, मथुरा आणि वैष्णोदेवी यांच्यामधलं जंक्शन, असं त्यांनी त्यात लिहिलं आणि उदाहरणादाखल कोल्हापूरच्या नणंदेचं कुटुंब घेतलं. नणंदेचं नाव बदलण्याची खबरदारी घेतली होती, पण सुटकेसांचा आकडा खरा दिला. नणंदेने सुटकेसांवरून स्वतःला ओळखलं.

त्यानंतर दोन वर्षं कोल्हापूरहून कोणी आलं नाही, माळ्यावरच्या गाद्या माळ्यावरच राहिल्या. ब्लॉगने घराची केलेली ही एकमेव सेवा. पण तिची कदर कोणाला नव्हती. नवऱ्याने, म्हणजे बळवंतरावांनी, आपल्या बहिणीची बाजू घेतली आणि ब्लॉग बंद पडला.

तो बंदच राहिला असता. पण दोन वर्षांपूर्वी बळवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि वैजयंतीबाईंना लिहायला चालताबोलता विषय मिळाला. तो रोज सकाळी साडेनऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डायनिंग टेबलाशी येऊन बसू लागला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराची पाहणी केली. दुसऱ्यात कामवालीसाठी हजेरीचं रजिस्टर आणलं. शांतीने चार दिवस मुकाट्याने अंगठ्याला शाई लावून घेतली, खरं म्हणजे तिला सही करता येत होती, पण कोणी विचारलंच नव्हतं. पाचव्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला म्हणून नावापुढे लाल फुली पडली, तेव्हा तिने फडकं सिंकवर वाळत घातलं आणि शांतपणे म्हणाली, "साब, या तो रजिस्टर रख लो, या मुझे."

त्या शनिवारी मैत्रेयी गुरुग्रामहून आली. ती तिथे एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार घरी येऊन झोपते. आईने तिला रजिस्टरची हकीकत सांगितली, ती हसून हसून पलंगावरून घसरली आणि म्हणाली, हे लिही. जुना पासवर्ड कोणालाच आठवेना. शेवटी तो बळवंतरावांच्या बढतीची तारीख निघाला. त्या काळी वैजयंतीबाईंचा त्यांच्यावर फार जीव होता.

रजिस्टरवरचा लेख चढला. मैत्रेयीने तो मोठ्या उत्साहाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि त्या ग्रुपवर बाबाही असतात हे तिला गुरुग्रामला पोहोचल्यावर आठवलं.

बळवंतरावांनी लेख वाचला. मग जेवायला बसले. वैजयंतीबाईंनी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. ताक पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तपशिलात चूक नाही. पण प्रसिद्ध करण्याआधी मसुदा माझ्याकडे यायला हवा होता."

रागावले असते तर परवडलं असतं. ते मदत करायला निघाले. पुढचा लेख त्यांनी छापून मागितला. सरकारात हिरव्या शाईचा मान सहसचिव आणि त्यावरच्यांना. बळवंतरावांचा प्रवास त्याच्या तीन पायऱ्या अलीकडे संपला होता. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच एक हिरवं पेन विकत घेतलं होतं. त्याचं उद्घाटन बायकोच्या लेखावर झालं. 'आमचं भांडण झालं' याचं त्यांनी 'उभय पक्षांत मतभेद नोंदवले गेले' असं केलं. 'नवरा' खोडून 'कुटुंबप्रमुख' लिहिलं. 'भाजी करपली' इथे समासात शेरा होता: जबाबदारी निश्चित करावी.

वैजयंतीबाईंनी तो कागद दोनदा वाचला, फोटो काढला आणि हिरव्या दुरुस्त्यांसकट जसाच्या तसा ब्लॉगवर चढवला.

आठवड्याभरात तो चार हजार लोकांनी वाचला. नोएडाच्या, दिल्लीतल्या द्वारकेच्या, कुठल्या कुठल्या बायकांनी लिहिलं की आमच्याकडेही असंच आहे, फक्त शाई निळी. बळवंतरावांनी सगळ्या प्रतिक्रिया चष्मा लावून वाचल्या आणि फोनवर मैत्रेयीला सांगितलं की भाषेवर थोडा हात फिरवला की केवढा फरक पडतो बघ. मैत्रेयीने माइक म्यूट केला.

आता गंमत अशी झाली, की आपण लिहिले जातो आहोत हे कळल्यावर बळवंतराव भलतेच शहाण्यासारखे वागायला लागले. चहा करू लागले. शांतीला 'आप' म्हणू लागले. घरात इतकी शांतता नांदली की ब्लॉगवर तीन आठवडे खडखडाट. मग तेच अस्वस्थ झाले. एकदा सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाहीस. घरात काही घडतच नाही, असं वैजयंतीबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बळवंतरावांनी मसाल्याचे सगळे डबे वर्णानुक्रमे लावले आणि दारात रेंगाळत राहिले. बाईंनी ओव्यापासून हिंगापर्यंत एक नजर टाकली आणि मुकाट्याने फोडणी घातली.

त्याच सुमारास पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या स्वरूपा नावाच्या शिक्षिकेचा निरोप आला. त्या ब्लॉग वाचायच्या; मुलांना काहीतरी वाचून दाखवाल का, म्हणाल्या. वैजयंतीबाई एकट्याच मेट्रोने गेल्या. वर्गात त्यांनी माळ्यावरच्या गाद्यांची हकीकत वाचली. एका मुलीने 'माळा' म्हणजे फुलांची का, असं विचारलं. दुसरा म्हणाला, "नाही ग, वो ऊपर वाला स्टोर." मग प्रत्येकाने आपल्या घरी वर काय काय टाकून ठेवलंय ते सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. एकाच्या घरी वर कूलर होता, एकाच्या घरी मामा झोपायचा. तास संपला तरी मुलं थांबेनात. परतताना बाई इतक्या तंद्रीत होत्या की मयूर विहार कधी मागे पडलं ते कळलं नाही. नोएडाहून उलटं यावं लागलं.

त्या दिवसावर त्यांनी लिहिलं. छापून दिलं नाही, थेट चढवलं. सकाळी बळवंतरावांनी तो लेख फोनवर वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वर गेले, पुन्हा वाचला.

"यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी होतात," वैजयंतीबाई म्हणाल्या.