मी न खेळता हरवलेला सामना

आमच्या सुमीची शाळा खो-खोचा पहिला सामना हरली ती माझ्यामुळे. मी खेळत नव्हतो. रेषेबाहेर उभा राहून पोरींचा उत्साह वाढवत होतो, एवढंच.

त्या काळी मी चिखलीच्या बाजारात एका अडत्याकडे धान्याची हर्रासी पुकारायचो. ज्वारीच्या ढिगाशेजारी उभं राहून बोली ओरडलो की पलीकडे कापसाच्या गाड्यांचे बैल कान टवकारायचे. घरात चुकून हळू बोललो तर बायको कपाळाला हात लावून बघायची. "ताप गिप आला का तुमाले?"

नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत वानखडे बाई नावाच्या नव्या मास्तरीण आल्या आणि त्यांनी खो-खोचा संघ काढला. पोरींनी चारचौघांत पळायचं ही गोष्ट आमच्या गल्लीला पचायला जड होती. पण बाई घरोघर फिरल्या, चहा प्यायल्या आणि सगळ्यांना राजी करूनच उठल्या. कप्तान झाली रहीमभाई शिंप्यांची शमीम. आणि सगळ्यात वेगवान होती माझी सुमी. (हे मी बाप म्हणून सांगत नाही. म्हणजे, बाप म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे.)

पहिला सामना देऊळघाटच्या पोरींशी. मी पहिल्या रांगेत. सुमी एकीच्या मागे सुसाट निघाली. ती पळणारी पोर बसलेल्यांच्या ओळीतून पलीकडे निसटली. आता सुमीने बसलेल्या एखादीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं, म्हणजे ती उठून पुढचा पाठलाग करणार. पण आमची सुमी कोणाला खो द्यायचीच नाही. सगळ्या जगाला एकटीनेच बाद करायचं, असा तिचा बाणा. मला राहवेना. हर्रासीचा सगळा दम एकवटून मी ओरडलो,

"सुमे, खो दे! खो!"

ओळीतल्या चार पोरी एकदम उठल्या. दोघींची तोंडं इकडे होती, दोघींची तिकडे. त्यामुळे दोघी उजवीकडे पळाल्या, दोघी डावीकडे, आणि सुमी मधोमध उभी राहिली, आपण नेमका कोणाला खो दिला याचा विचार करत. पळणारी देऊळघाटची पोर पोट धरून हसत होती. तिला पकडायचंय हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

पंचांनी शिट्टी मारली.

मी तावातावाने पुढे झालो. "साहेब, हा फाऊल कोणाचा?"

"तुमचा," पंच म्हणाले.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मीही बसलो. पण थोड्या वेळाने सुमीला शांतपणे समजावावं म्हणून म्हणालो, "घाई नको करू बेटा, नीट पाहून खो..." पुन्हा दोघी उठल्या. आम्ही हरलो.

मला वाटलं, आता बाई माझी चंपी करणार. पण त्यांनी पोरींना गोल बसवलं, पालकांना मागे उभं केलं आणि म्हणाल्या, "तक्रार उद्या. आज प्रत्येकीने दुसऱ्याची एक चांगली गोष्ट सांगायची."

पोरी सांगू लागल्या. कुसुम पडली तरी उठून पळाली. देऊळघाटच्या पोरी वळतात फार छान. शमीमची पाळी आली. तिने जरा विचार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकांचा आवाज चांगला हाय. लय दूर जाते."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या पोरीचं मनात कौतुक वाटलं. हरलेल्या कप्तानाने हरवणाऱ्याची चांगली गोष्ट शोधायची, हे मला तरी जमलं नसतं.

मग बाई आमच्याकडे वळल्या. "सामन्याला जरूर या. पोरींना बळ येतं. पण नाव घेऊन ओरडायचं नाही. चांगला खेळ कोणाचाही असो, टाळ्या वाजवा. आणि घरी ‘किती जणींना बाद केलं’ विचारू नका. ‘कोणाला खो दिला’ विचारा."

त्या दिवसापासून जेवताना मी विचारू लागलो, "सुमे, आज कोणाले खो देला?"

"कोणालेच नाई. मी एकटीनंच तिघी बाद केल्या."

"काऊन?"

"बाकीच्या हळू पळतात ना, बाबा."

मी काही बोललो नाही. (बायकोने पुन्हा कपाळाला हात लावून पाहिला.) मात्र रोज विचारत राहिलो. एके दिवशी सुमी भाकरी हातात तशीच धरून म्हणाली, "आज कुसुमले देला. तिनं पयल्यांदाच कोणाले बाद केलं. खुशीनं रडलीच थे."

मग मोठा सामना आला, बुलढाण्याला. एस.टी.त रहीमभाई माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "भाऊ, मैदानावर बी मी तुमच्याजवळच बसतो. तुमी तोंड उघडलं का मी गुडघा दाबतो." त्यांनी शब्द पाळला. अर्ध्या सामन्यातच माझा गुडघा मऊ भातासारखा झाला.

शेवटी वेळ संपत आली आणि समोरची एकच पोर बाद व्हायची राहिली. ती बाद झाली तर आम्ही जिंकणार, नाहीतर हरणार. सुमी तिच्या मागे, अगदी हातभर अंतरावर. पोर ओळीतून पलीकडे निसटली. पूर्वीची सुमी खांबाला वळसा घालून एकटीच धावली असती. मी श्वास रोखला. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. पाहतो तो रहीमभाईच उठून उभे राहिलेले, तोंड उघडून. "शमी..." एवढं बाहेर पडलं आणि मी त्यांच्या तोंडावर पंजा दाबला.

मैदानावर सुमीचा हात शमीमच्या पाठीवर पडला. "खो." शमीम उठली, झेपावली आणि त्या पोरीचा खांदा तिच्या हाताला लागला.

सुमी धापा टाकत माझ्याकडे आली. "बाबा, पाह्यलं का? शमीमनं कशी धरली?"

स्वतःबद्दल एक शब्द नाही. रहीमभाई डोळे पुसत होते. (माझ्या पंजामुळे नाही, असं ते म्हणाले.) पोरी मात्र हरलेल्या संघाशी हात मिळवायला गेल्यासुद्धा होत्या.

पुढच्या वर्षी बाईंनी मला मुद्दाम शाळेत बोलावलं. नव्या पालकांना मी चार शब्द सांगावेत, अशी त्यांची इच्छा होती. विषय होता, पालकांनी मैदानावर गप्प कसं बसावं.

मी सव्वा तास बोललो. शेवटी शाळेची घंटा वाजवून मला खाली बसवावं लागलं.